मास्तरांची कोरी बाटली

सुट्टीच्या दिवशी दुपारी केमिस्ट बाई प्रयोगशाळेत आल्या त्या फक्त एका सहीसाठी. सही ठोकायची, रिपोर्ट साहेबांच्या टेबलावर ठेवायचा आणि घरी जाऊन जरा पाठ टेकायची, एवढाच बेत होता.

रिपोर्ट दीड वर्षाच्या एका मुलाचा होता. मूल दुपारी झोपलं ते उठेचना, म्हणून त्याला दवाखान्यात नेलं आणि सांभाळणाऱ्या मावशींना पोलिसांनी नेलं. मुलाच्या बाटलीतलं दूध आणि त्याचं रक्त इथं मास स्पेक्ट्रोमीटरवर तपासायला आलं. थेंबात कणभर औषध असलं तरी हे यंत्र ते रेणूच्या वजनावरून ओळखतं. दूध स्वच्छ निघालं. रक्तात मात्र झोपेचं औषध सापडलं. मावशी बिचाऱ्या एकच सांगत होत्या, की दूध मी आधी स्वतः चाखते, मग पाजते. एकदा सही झाली की त्यांचं कोण ऐकणार होतं?

बाईंनाही मनातून काहीतरी खात होतं. दोन नमुन्यांच्या मध्ये कोरं रक्त, म्हणजे ज्यात कुठलंच औषध नाही असं, चालवून बघायचं, हा मास्तरांचा दंडक. मास्तर म्हणजे इथले जुने तंत्रज्ञ. "यंत्र खोटं बोलत नाही, पण आदल्याचं उष्टं पुढच्याच्या ताटात वाढतं," असं ते म्हणायचे. जन्मात डोकेदुखीची गोळीसुद्धा न घेतलेला हा माणूस कोऱ्या रक्तासाठी आपलाच दंड पुढे करायचा. चार महिन्यांपूर्वी ते वारले. त्यांच्या रक्ताची शेवटची बाटलीही संपली. साहेबांनी तर रिपोर्टासाठी भंडावून सोडलं होतं. बाईंनी या वेळी कोऱ्या रक्ताची ती पायरी वगळली होती.

त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि शेजारच्या खोलीत टक् असा आवाज झाला. मग पुन्हा... टक्. पंपाची घरघर रोजचीच, पण हा आवाज नमुना ओढून घेणाऱ्या सुईचा होता आणि यंत्र तर त्यांनी काल थांबवून ठेवलं होतं. दार ढकललं तसा स्पिरिटचा वास आला, रक्त काढण्याआधी दंडावर कापूस फिरवतात ना, तसा.

"कोण आहे?... मास्तर?"

काचेआड सुई एका बाटलीत उतरली. मुलाच्या आधी तपासलेला नमुना तो, गोळ्यांची अख्खी पाकिटं गिळलेल्या माणसाचा. मग ती मुलाची बाटली ओलांडून ट्रेच्या कोपऱ्यातल्या घराकडे सरकली. ते घर काल रिकामं होतं. आज तिथं एक बाटली उभी होती आणि तिच्यावर मास्तरांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, 'कोरे'.

एका तपासणीला सहा मिनिटं लागायची, तेवढा वेळ बाई पडद्याकडे बघत राहिल्या. पडद्यावरची रेघ वर चढली. तेच औषध, मुलाच्या रक्तात दिसलं होतं तेवढंच. कोऱ्या रक्तात औषध येणार कुठून? आदल्याचं उष्टं. भीतीपेक्षा त्यांना शरमच जास्त वाटली.

त्यांनी नळ्या दोनदा धुतल्या आणि मुलाचा नमुना सगळ्यात आधी चालवला. रेघ सपाट. पुन्हा चालवला, तरी सपाटच. रिपोर्ट फाडून त्यांनी पोलीस ठाण्यात फोन लावला.

"मुलाच्या रक्तात औषध नाही. चूक माझी आहे, तसं लेखी देते. मावशींना घरी जाऊ द्या. आणि दवाखान्यात कळवा, मुलाला दुसरं काहीतरी झालंय."

मग त्या ट्रे रिकामा करायला लागल्या. ट्रे चार अंशांवर ठेवलेला, एकेक बाटली गारठलेली. कोपऱ्यातली त्यांनी शेवटी उचलली. बाकीच्यांत तपासणीसाठी रक्तातून काढलेला पाण्यासारखा अर्क होता, हिच्यात ताजं, लाल रक्त. बाटली अंगाइतकी कोमट होती. संध्याकाळ झाली, मावशी सुटल्याचा फोन आला, तरी बाईंच्या मुठीतली ती बाटली काही गार होईना.