नारळाआधीची नांदी

कॉव्हेंट्रीतल्या त्या चर्च हॉलमध्ये डिटेक्टिव्ह सार्जंट सिया राजवाडे शिरली, तेव्हा नटराजापुढे फुटलेल्या नारळाच्या दोन वाट्या तशाच पडल्या होत्या. निरांजन विझलं होतं. पेढ्यांच्या बॉक्सला कुणी हात लावला नव्हता, आणि लावणार तरी कोण? वरच्या मजल्यावर, मेकअपच्या खोलीत, ऋजुता गोखले मरून पडली होती.

तिच्याच नाटकातल्या भरजरी शेल्याने तिचा गळा आवळला होता. अर्धवट लावलेली नथ गालावर लोंबत होती. सियाने पोलिसात बरीच प्रेतं पाहिली होती, पण नथ घातलेलं हे पहिलंच. तिला आपली मावशी आठवली आणि ती क्षणभर दुसरीकडे बघत राहिली.

'रंगवेल' ही इथल्या मराठी माणसांची नाटकमंडळी दुसऱ्या दिवशी सकाळी विमानाने क्रोएशियातल्या स्प्लिटला निघणार होती. समुद्राकाठच्या त्या शहरात उन्हाळाभर महोत्सव चालतो. जुन्या दगडी चौकांत, उघड्यावर, नाटकं, गाणी, नाच. 'रंगवेल'ला सलग दुसऱ्या वर्षी बोलावणं होतं. आज शेवटची तालीम आणि नटराजपूजा होती.

"केस सरळ आहे," इन्स्पेक्टर हॅरिस तिला जिन्यातच म्हणाला होता. "पूजा चालू असताना ही बाई वर गात होती. सगळ्यांनी ऐकलं. पूजा संपल्यावर वर गेले तर मेलेली. सगळी मंडळी खाली होती, फक्त एक मुलगी नव्हती. ती मागच्या जिन्यावर सापडली. तो जिना त्या मेकअपच्या खोलीतच उघडतो. सकाळी तिने सगळ्यांसमोर हिला मारायची धमकी दिली होती. संध्याकाळी चार्ज करू. तुला मराठी येतं म्हणून बोलावलं, जबाब पक्के करून दे."

मुलीचं नाव तनिषा. वय एकवीस, नॉटिंगहॅमला शिकणारी. तिचा भाऊ सुयश या मंडळीत तबला वाजवायचा. गेल्या वर्षी स्प्लिटमध्येच, प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी, लाइटच्या टॉवरवरून पडून तो गेला. एका आईची दोनच मुलं. एक गेला होता आणि दुसरी आता खुनाच्या आरोपात जाणार होती.

सियाने आधी खोली नीट पाहिली. खिडकी बंद. आरशापुढे पावडरचे डबे, गजरे, पिना आणि मध्येच एक छोटा निळा स्पीकर. भिंतीला जुनाट रेडिएटर. तिने सवयीने त्याच्यावर हात ठेवला. थंडगार.

खाली तिने पहिल्यांदा आशा देवस्थळींना बसवलं. मंडळीचा कपडेपट सांभाळणाऱ्या, साठीच्या पुढच्या. पूजा त्यांनीच केली होती.

"काकू, पूजेच्या वेळी कोण कोण होता इथे?"

"होतं," काकूंनी रडता रडताही सुधारलं. सियाचा जन्म स्लाऊचा. तिचं मराठी घरात शिकलेलं, आणि लिंगाच्या बाबतीत ते कुणाचंच ऐकत नसे. "सगळे होते गं. उदय, नकुल, बाकीची मुलं. तनिषा नव्हती. सुयश गेल्यापासून ती नटराजाला हात जोडत नाही. आम्हीही आग्रह करत नाही."

"आणि ऋजुता?"

"उदय वर जाऊन आला तिला बोलवायला. म्हणाला, तुम्ही सुरू करा, ती गळा तापवून येते. मी हळदकुंकू वाहत होते आणि वरून तिचा आवाज आला. मला तर बाई धस्सच झालं."

"का?"

"नांदी म्हणत होती! नाटकाच्या सुरुवातीची प्रार्थना ती. आमच्याकडे नारळ फुटल्याशिवाय नांदी म्हणायची नाही, असा नियम. गेल्या वर्षी तिकडे उदयने साउंड टेस्टसाठी तिला भरदुपारी नांदी म्हणायला लावली. नारळ नाही, पूजा नाही. आणि त्याच संध्याकाळी सुयश गेला. तेव्हापासून हिने कानाला खडा लावला होता. तालमीतसुद्धा नुसते सूर लावायची. मग आज काय झालं तिला?"

"हे तुम्ही इन्स्पेक्टरला सांगितलं?"

"त्याला काय सांगायचं? हसला असता तो."

हसलाच असता. सियालाही शाळेत असताना असल्या नियमांचं हसू यायचं. आज आलं नाही. वर्षभर नियम पाळणारी बाई एका सकाळीत तो का मोडेल, एवढंच तिच्या डोक्यात बसलं.

"पूजेचा फोटो वगैरे आहे?"

"व्हिडिओ आहे. नागपूरला बहिणीला पाठवायचा म्हणून फोन हार्मोनियमवर उभा करून ठेवला होता. अजून पाहिला नाही. बघवणारही नाही."

सियाने फोन मागून घेतला.

नकुल सॉफ्टवेअरवाला, पुण्याहून व्हिसावर आलेला, सुयशच्या जागी तबल्यावर बसलेला. त्याचे हात थांबत नव्हते, मांडीवरच ठेका धरत होते.

"तू काय ऐकलंस?"

"ऋजुताताईचं गाणं. क्लिअर होतं एकदम. फक्त बॅकग्राउंडला ते हीटिंग कीर-कीर करत होतं. जुन्या बिल्डिंगा ना, पाइप ओरडतात."

"गाणं आणि कीर-कीर, दोन्ही बरोबर थांबला?"

नकुलने आठवून पाहिलं. "नक्की नाही सांगता येणार. काकूंनी आरतीची घंटा सुरू केली. तिच्यात काहीच ऐकू येत नाही. मग नारळ फोडला, उदयदादा म्हणाला चला, ऋजुताला आणू. आम्ही दोघं वर गेलो. तो पुढे होता. त्यानेच दार उघडलं." नकुलचा मांडीवरचा ठेका थांबला. "मला वाटलं, ती झोपलीय."

"तो स्पीकर वर कसा?"

"कुठला, निळा? तो उदयदादाचा. एरवी स्टेजवर असतो. आज ट्रॅक लावायचे होते, मी शोधत होतो त्याला."

उदय कारखानीस हा 'रंगवेल'चा दिग्दर्शक. पन्नाशीचा, देखणा, बोलणं लोण्यासारखं. इथेच वाढलेला, पण मराठी त्याने मेहनत करून कमावलेलं होतं.

"तुम्ही वर गेलात तेव्हा ती ठीक होती?"

"नथ घालत होती. म्हणाली, तुम्ही सुरू करा."

"सकाळचं भांडण कशाबद्दल होतं?"

"तनिषाला दुःख सोसवत नाही. सुयश त्या दिवशी प्यायला होता, मस्ती करत टॉवरवर चढला. ऋजुताने डोळ्यांनी पाहिलं, तिथल्या पोलिसांना जबाब दिला. पोरीला ते पटत नाही. मला तिची कीव येते, खरंच." त्याने घड्याळाकडे पाहिलं. "आम्हाला उद्या जाता येईल ना? ऋजुताची हीच इच्छा असती."

सियाला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. तिने फक्त मान हलवली.

तनिषा पोलिस स्टेशनच्या खोलीत हूडी डोक्यावर ओढून बसली होती. सियाने वकिलाच्या देखत तिच्यापुढे चहा ठेवला.

"सकाळी काय झालं?"

"ऋजुताताई मला कारमध्ये सांगितली, की ती खोटं बोलली होती. सुयश प्यायलेला नव्हता. वारा खूप होता, तो नको म्हणत होता. उदयकाका त्याला म्हणाले, चढ, नाहीतर उद्या तबला नाही. म्हणून तो चढला." तिचा आवाज चिरकला. "वन इयर! एक वर्ष मम्मी विचारते, माझा मुलगा दारू कधी प्यायला लागला? हॉलच्या दारात उतरल्यावर मी ओरडले. आय सेड, मी तुला मारेन. सगळे ऐकले."

"मग ती काय म्हणाली?"

"ती रडली. मग मला एकटीला हळूच म्हणाली, आज पूजा झाली की प्रसादाच्या वेळी सगळ्यांना सांगते. आणि स्प्लिटच्या पोलिसांना पण."

"हे तू इन्स्पेक्टरला सांगितलंस?"

"ते म्हणाले, उदयकाका खाली होते, सगळ्यांसमोर. ती तर गात होती ना तेव्हा."

"तू जिन्यावर बसलेलीस. तुला गाणं ऐकू आलं?"

"नाही. माझ्या कानात हेडफोन होते. मी त्याचा व्हिडिओ बघत होते. रोज बघते."

तिचा फोन पुराव्याच्या पिशवीत होता. सियाने तो आणवला आणि तनिषाने पासवर्ड सांगितला. पडद्यावर दगडी चौक, पाइनची झाडं, पांढरं झालेलं ऊन. सुयश मांडीवर तबला घेऊन घामाने निथळत हसत होता. आणि त्याच्या हसण्यावर, तबल्यावर, सगळ्यावर एक न थांबणारी कर्कश कीर-कीर.

"हे काय वाजतंय?"

"झाडातले किडे. सिकाडा. तिथे दिवसभर ओरडतात. सुयश म्हणायचा, हे माझ्यापेक्षा फास्ट वाजवतात."

सिया व्हिडिओ संपला तरी फोनकडे बघत राहिली. मग तिने हॉलच्या केअरटेकरला एकच प्रश्न विचारायला फोन लावला, आणि तो झाल्यावर हॅरिसला दुसरा.

संध्याकाळ झाली होती, पण जुलैतला उजेड अजून हॉलच्या खिडक्यांना चिकटून होता. मंडळी अर्धगोल करून बसली. हॅरिस दाराशी हाताची घडी घालून उभा. तनिषाला एका कॉन्स्टेबलशेजारी बसवलं होतं. आशाकाकू उठून तिच्याजवळ जाऊन बसल्या, आणि कॉन्स्टेबलने त्यांना अडवलं नाही.

"माझा मराठी वाईट आहे," सिया म्हणाली. "पण समजून घ्या. नकुल, तू वरून काय ऐकलंस?"

"गाणं. आणि हीटिंगची कीर-कीर."

"हॉलचं हीटिंग मे महिन्यात बंद केलंय. केअरटेकरने मुख्य व्हॉल्व्हच बंद ठेवलाय. मी रेडिएटरला हात लावला, थंड होता. जुलैत पाइप कशाला ओरडेल?"

नकुलचं तोंड उघडं राहिलं.

तिने तनिषाच्या फोनवरचा व्हिडिओ लावला. सुयशचा चेहरा दिसू नये म्हणून फोन उलटा धरला, फक्त आवाज. कीर-कीर हॉलभर झाली.

"हेच!" नकुल ताडकन उठला. "हेच होतं ते!"

"हे स्प्लिटमधले किडे आहेत. कॉव्हेंट्रीत ते नाहीत. म्हणजे वर ऋजुता गात नव्हती. वर तिचा गेल्या वर्षीचा आवाज वाजत होता, दुपारी उघड्या चौकात रेकॉर्ड केलेला." सिया आशाकाकूंकडे वळली. "काकू, तुमचं बरोबर होतं. तिने नियम मोडला नाही. नारळाआधी नांदी तिने एकदाच म्हटली, तीही दुसऱ्याच्या हट्टाने. साउंड टेस्ट कुणी घेतली होती?"

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या, उदयकडे.

"उदयदादा, तुम्ही वर गेलात, कारण ऋजुता प्रसादाच्या वेळी तोंड उघडणार होती. हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काहीतरीच काय," उदय हसला.

"तिनेच सांगितलं असणार. ती सरळ बाई होती, आधी तुम्हाला सांगून मगच बोलली असती. तुम्ही स्पीकर खिशात घालून वर गेलात. शेला हाताशी होता. ती आरशात बघून नथ लावत होती. मग खाली येऊन नटराजापुढे उभे राहिलात आणि खिशातल्या फोनवर बटण दाबलंत. पूजेला सगळी मंडळी एकत्र येणार हे तुम्हाला ठाऊक होतं. येणार नव्हती ती एकटी तनिषा, हेही ठाऊक होतं. तुम्ही आधी भावाला मारलंत, आणि आता बहिणीला फासावर..." इथे फाशी नाही हे तिला आठवलं, पण तिने शब्द मागे घेतला नाही.

"नांदी का निवडलीत? कारण तिच्या एकटीच्या आवाजाचं तुमच्याकडे तेवढंच रेकॉर्डिंग होतं. पूजा तुमच्यासाठी फोटो काढायची गोष्ट. ती पाळणाऱ्या बाईने काय सोडलंय, हे तुम्ही वर्षभर पाहिलंच नाही."

"बाई, किड्यांच्या आवाजावर तुम्ही मला खुनी ठरवणार?" उदयचा आवाज आता लोण्यासारखा राहिला नव्हता. "पाइप असेल, पंखा असेल. कोर्टात कोण ऐकणार हे?"

"कोर्ट हे ऐकेल."

तिने आशाकाकूंचा व्हिडिओ लॅपटॉपवर लावला. स्टेशनातल्या तंत्रज्ञाने त्यातला घंटेचा नाद कमी करून दिला होता. पडद्यावर काकू हळदकुंकू वाहत होत्या, शेजारी उदय हात जोडून उभा होता. वरून ऋजुताचा आवाज, स्वच्छ, आणि मागे तीच कीर-कीर. नांदी संपली. काकूंनी घंटा उचलली. उदयचा हात खिशाकडे गेला, पण जरासा उशिरा.

घंटेच्या खाली, पातळ पण स्पष्ट, एक तरुण हसला आणि म्हणाला, "वा, ताई! परत एकदा!"

आशाकाकूंनी तोंडावर पदर दाबला. "सुयश," त्या म्हणाल्या. "अगं बाई, हा तर सुयश!"

वर्षापूर्वी गेलेला मुलगा आज सकाळी कॉव्हेंट्रीच्या हॉलमध्ये बोलला होता, आणि ते कसं, याला उत्तर एकच होतं. दाराशी हॅरिसने हाताची घडी सोडली. त्याला शब्द कळले नव्हते, पण चेहरे कळले.

उदय खुर्चीत खाली खाली घसरला. "मी फक्त चढ म्हटलं होतं," तो पुटपुटला. "लाइट फिरला होता. उद्या प्रयोग होता. कुणीतरी चढायलाच हवं होतं ना?"

"तुम्ही का नाही चढलात?" नकुलने विचारलं.

हॅरिसने उदयला उठवलं आणि बाहेर नेलं. निळा स्पीकर आणि फोन आधीच पिशव्यांमध्ये गेले होते.

मंडळी हळूहळू पांगली. स्प्लिटला आता कुणी जाणार नव्हतं. आशाकाकूंनी नारळाच्या वाट्या उचलल्या आणि कुठे ठेवाव्यात ते न सुचून हातातच धरून बसल्या.

सियाने तनिषाला मोकळं केल्याचं सांगितलं. तनिषाने ते ऐकलं की नाही कोण जाणे.

"त्याने तो आवाज डिलीट केला असेल ना? काकांनी?"

"फोनवरून केलाय. पण काकूंच्या व्हिडिओत आहे. तो राहील."

"माझ्या व्हिडिओत तो नुसता हसतो," तनिषा म्हणाली. "बोलत नाही. मम्मीने वर्षभर त्याचा आवाज नाही ऐकला." तिने बाहीने डोळे पुसले. "मी मम्मीला इथे आणू? एकदा ऐकायला?"

सियाने मान डोलावली आणि लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

तनिषाने व्हिडिओ मागे नेला. ऋजुताची नांदी पुन्हा सुरू झाली, तशीच, नारळाच्या आधी. या वेळी काकूंना धस्स झालं नाही; वाट्या हातात घेऊन त्या तिच्याजवळ येऊन बसल्या. दोघी शेवटाची वाट बघत बसल्या.