एकच लाइन मोकळी

"कुठं मेलास रे नामा? सकाळपासून कशेळीच्या पुलावरच हायेस का? गाडी आणतोस की जत्रा फिरतोस?"

एका दमात एवढं झाडलं मी. आणि पलीकडून आला एक अगदी नरम आवाज.

"नमस्कार. मी नामा नाही, वरद. पण पुलावर आहे हे खरं. ट्रॅफिकच एवढं आहे हो, काय करू?"

अगं बाई! नंबर लावला होता मी नामा ड्रायव्हरचा. हा वरद कुठून उपटला?

"फोनच्या मशीनची तक्रार होती ना तुमची?" तो म्हणाला. "तेच बघायला निघालोय. गोडाऊन नेमकं कुठं, ते विचारायला फोन लावला. तर रिंग वाजायच्या आधीच कानात टूं टूं टूं... आणि मग तुमचा गोड आवाज."

गोड म्हणे! मी पत्ता सांगितला आणि रिसीव्हर ठेवला. कान मात्र उगाच गरम झाले होते.

मी उन्नती. काल्हेरला भाऊंच्या गोडाऊनमध्ये फोनवर बसते. चार लाइनी, दिवसभर गिऱ्हाइकं, ट्रकवाले, हमाल — सगळ्यांशी बोलायचं. मराठीत, हिंदीत, आणि डोकं फिरलं की आमच्या आगरीत. मला ते काम मनापासून आवडतं. पण महिनाभर काय झालं होतं कोण जाणे, मी नामाला झापायला फोन उचलावा आणि शिव्या खाव्यात भलत्याच गिऱ्हाइकानं! भाऊंकडे तक्रारींवर तक्रारी. मी म्हणत होते मशीन बिघडलंय. भाऊ म्हणाले, "मशीनला काय तोंड हाय? तोंड तुला हाय. अजून एक तक्रार आली ना, त्या खुर्चीत करिष्मा बसेल."

करिष्मा भाऊंची भाची. ती फोनवर इतकं हळू बोलते की स्वतःलाच ऐकू येत नसेल.

तर तो आला. उंच, चष्मा, शर्टावर पुलावरची सगळी धूळ. आल्या आल्या माझ्याकडे बघून हसला.

"तुम्हीच ना... जत्रा?"

"आणि तुम्हीच ना, न वाजता आत शिरणारे?"

पलीकडच्या टेबलावर बिलं करणारी निशा फिस्सकन हसली. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बघ हां, लाइन मारतोय." मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "लाइन मारायला नाही, दुरुस्त करायला आलेत ते."

वरदचे कान लाल झाले. छान दिसले!

त्यानं भिंतीवरचं मशीन उघडलं, लॅपटॉप जोडला, चहा थंड होऊ दिला. मग मला जवळ बोलावलं. त्याच्या बाहीला साबणाचा आणि तापलेल्या वायरींचा मिळून एक वास येत होता... मी स्क्रीनकडेच बघत राहिले, शपथ.

"तुमच्या चारही लाइनी एकाच ग्रुपमध्ये टाकल्यात कोणीतरी. येणारा फोन पहिल्या लाइनीवर येतो, आणि तुम्ही लावता तोही पहिल्याच लाइनीवरून जातो. दोघं एका क्षणी आले की टक्कर. रिंगच नाही, थेट समोरासमोर."

"म्हणजे एका चुलीवर दोन जावा!"

तो एवढा हसला की चष्मा काढून पुसावा लागला. "अगदी. आता मी दोन ग्रुप करतो. येणारे फोन पहिलीपासून खाली, जाणारे चौथीपासून वर. दोन जावा, दोन चुली."

"मग टक्कर कधीच नाही?"

"तीन लाइनी भरल्या आणि एकच मोकळी उरली, तर होईल. तिथं माझा इलाज नाही." हे बोलताना त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि मग पटकन वायरीकडे.

ग्रुप बदलण्याआधी त्यानं भाऊंना केबिनमधून बाहेर बोलावलं. "भाऊ, तुमच्या मोबाइलवरून ऑफिसला फोन लावा बरं. उन्नती, तुम्ही नामाला लावा."

दोनतीनदा काही झालं नाही. मग एकदा मी उचलला, नंबर दाबला आणि म्हटलं, "नामा, लवकर ये रे बाबा, भाऊ आज लई तापलेत!" आणि समोर उभ्या भाऊंच्या कानाला लावलेल्या मोबाइलमधून माझाच आवाज!

भाऊ माझ्याकडे बघताहेत, मी भाऊंकडे. निशानं बिलांत तोंड लपवलं. शेवटी भाऊच हसले. "बरं बाय, मशीनलाच तोंड हाय. पण आता नीट होणार ना? मग यापुढं तक्रार आली तर ती तुझीच."

खुर्ची वाचली. मी खूश व्हायला हवं होतं ना? पण वरदनं बॅग भरली, मशीनवर कंपनीच्या नंबराचं स्टिकर चिकटवलं आणि दारात जरा घुटमळला.

"काही तक्रार असली तर... करा फोन."

"नसली तर?"

तो काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात एक ट्रक असा कोकलला की शब्दच गिळला त्यानं. गेला.

आणि मेलं ते मशीन! असं सुतासारखं सरळ चालायला लागलं की विचारू नका. ज्या तक्रारीला मी महिनाभर घाबरले, ती एक तक्रार आता मला मिळेना! फोन वाजला की मी झडप घालून उचलायचे, आणि असायचे काय तर भिवंडीचे साडीवाले. वर निशाची कुरकुर, "तू जेवायला गेलीस की कोणीतरी फोन करतं आणि माझा आवाज ऐकून ठेवून देतं गं."

दिवाळी आली. गोडाऊनमध्ये खोकी छतापर्यंत चढली, पुठ्ठ्याच्या वासानं नाक भरून गेलं, तीन-तीन लाइनी सतत चालू. त्या दुपारी स्टिकरकडे बघता बघता माझं डोकंच फिरलं. खोटी तक्रार करायची. भाऊंना कळलं तर खुर्ची जाईल... जाऊ दे! नुसतं झुरत बसायचं आपल्याला जमत न्हाय.

निशा एका लाइनीवर, भाऊ केबिनमध्ये दुसऱ्या, हमालांचा मुकादम तिसऱ्या. मी रिसीव्हर उचलला, बाहेरच्या लाइनीसाठी शून्य दाबला. टोनच नाही. पलीकडे कोणीतरी श्वास घेत होतं.

"हॅलो?" तो म्हणाला.

त्याचाच आवाज!

"तुम्ही... तुम्ही कसे लाइनीवर?"

"मी फोन लावत होतो. रोजच लावतो, जेवणाच्या सुट्टीत. निशाताई उचलतात, मी ठेवून देतो. आज उशीर झाला... तुम्ही कोणाला लावत होता?"

"तुम्हालाच. तक्रार होती."

"काय झालं?" घाबरलाच बिचारा.

"फोन वाजतो. पण पाहिजे त्याचा वाजत नाही."

बोलून गेले आणि वाटलं, संपलं, खुर्चीही गेली आणि हाही गेला.

"उन्नती, मला तू आवडतेस," तो म्हणाला. "पुलावर शिव्या खाल्ल्या तेव्हापासून. मी आत्ता येऊ?"

मला 'तू' म्हणाला! मला हसूही येत होतं आणि डोळेही भरत होते.

"ये ना रे," मी म्हटलं. "आणि पुलावर जत्रा फिरत बसू नकोस."

रिसीव्हर मात्र दोघांनीही ठेवला नाही. तेवढ्यात केबिनमधून भाऊंची हाक आली. "उन्नती! मी फोन ठेवला तर माझी लाइन दुसऱ्याच कोणी घेतली, आता एक बी लाइन मिळत न्हाय! मशीन परत बिघडलं का काय?"

"न्हाय भाऊ!" मी रिसीव्हर न झाकताच ओरडले. "मशीन एकदम झ्याक हाय. लाइन लागलीय!"