दोन ठिपके

"खोडा ते."

मी दचकून वर पाहिलं. समोर एक तरुण. हातात जाडजूड ग्रंथांची चळत, नाकावर घसरलेला चष्मा, आणि माझ्या वहीकडे असा रोखून बघत होता, जणू मी त्याच्याच घरावर फुली मारली होती!

बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियातल्या आकडेवारीच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावरच्या वाचनालयात, मी महिनाभर येत होते. ओस पडलेल्या गावांवर माझा प्रबंध. तेवढ्या दिवसांत कुणी आपणहून माझ्याशी बोललं ते आज, आणि तेही दरडावून.

"काय खोडू?"

"गोर्ना लिपासमोर 'निर्जन' लिहिलंयत ते."

मी जनगणनेचा तक्ता त्याच्यापुढे सरकवला. "बघा की. आकडाच नाही. नुसते दोन ठिपके."

"ठिपके म्हणजे शून्य नव्हे, बाईसाहेब. शून्य असेल तिथे आडवी रेघ छापतात. गावात एक किंवा दोनच माणसं उरली की आकडा छापत नाहीत. कोण ते लगेच ओळखू येतं ना!" त्याने ग्रंथ टेबलावर आदळले. "तिथे माणूस आहे."

मी भराभर वहीची पानं उलटली. असे ठिपके बघून सतरा गावांपुढे मी 'निर्जन' लिहून मोकळी झाले होते. सतरा गावांतली जिवंत माणसं... एका पेन्सिलीने!

त्याचं नाव यासेन. इथलाच कर्मचारी. दुसऱ्या दिवशी ग्रंथांबरोबर त्याने लिपा नावाच्या झाडाच्या सुवासिक फुलांचा चहाही आणून ठेवला. "काल जरा जोरात बोललो," म्हणाला, आणि कान लाल करून निघून गेला.

त्या गावाने मला वेडच लावलं. गावाने कसलं, त्या माणसाने! आई स्पेनमध्ये परक्या म्हाताऱ्यांची सेवा करते, रविवारी फोन करते. बाकी माझी एक खोली, एक कप, एक चमचा. कोपऱ्यावर उभ्या-उभ्या चीज भरलेली बानित्सा खायची आणि घरी येऊन दिवा लावायचा. चार दिवस कुणाशी बोललं नाही की आपलाच आवाज आपल्याला परका वाटतो. मग मी मनातल्या मनात त्या माणसालाच विचारायची, काय रे बाबा, तुला करमतं तरी कसं?

"एक की दोन?" मी यासेनला रोज छळायची.

"सांगता येत नाही. कायदा आहे."

"बरं, बाई की पुरुष?"

"नेवेना, माझी नोकरी घालवणार तुम्ही."

"नुसती पापणी मिटा. एकदा मिटली तर एक."

तो डोळे टक्क उघडे ठेवून उभा राहिला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी पापणी मिटेना! मी इतकी हसले की खिडकीशी बसणाऱ्या पेनका-मावशींनी विणकाम खाली ठेवून 'श्शू' केलं. तीस वर्षं वाचनालय त्यांच्या ताब्यात होतं. हसता हसता मला एकदम जाणवलं, किती महिन्यांनी हसतेय मी...

सोमवारी त्याच्या स्वेटरला चुलीच्या धुराचा वास यायचा. नखांत राख असायची. शनिवार-रविवार कुठे जातो हे विचारायचं धाडस झालं नाही. असेल कुणीतरी, असं म्हणून मीच मनाला दटावायची.

शुक्रवारी माझा वाचनालयाचा परवाना संपत होता. गावांची यादीही त्याच दिवशी मार्गदर्शकांना द्यायची होती. त्यानंतर इथे यायला निमित्त उरणार नव्हतं, आणि निमित्ताशिवाय यायची हिंमत माझ्यात नव्हती.

शुक्रवार उजाडला तो नेमका एक मार्चला. बाहेर पावसात मिसळलेला बर्फ पडत होता. ट्राममध्ये बघावं त्याच्या मनगटावर वसंताच्या स्वागताचा लाल-पांढरा दोरा. हा दोरा दुसऱ्याने बांधायचा असतो, स्वतःचा स्वतः नाही. मी बाही खाली ओढून घेतली.

ग्रंथ परत करताना बाही वर सरकलीच. यासेनची नजर तिथेच अडकली.

"एकही नाही?"

"बांधायला माणूस लागतं," मी म्हटलं. हसत म्हणायचं होतं, पण आवाज चिरकला.

त्याने खिशातून दोरा काढला. कागदात जपून गुंडाळलेला. म्हणजे आधीच आणलेला! माझ्या मनगटावर बांधताना गाठ दोनदा सुटली.

"नेवेना... कचेरीतला माणूस म्हणून मला त्या गावाबद्दल सांगता येणार नाही. पण स्वतःबद्दल बोलायला कायद्याची आडकाठी नाही."

"म्हणजे?"

"बाबांच्या आजारपणात वर्षभर मी गोर्ना लिपात होतो. बाकीची घरं तोवर बंद झालेली. शिरगणतीवाली बाई आली त्याच्या दोन दिवस आधी बाबा गेले. दारातून तिने विचारलं, कुणी आहे का? म्हटलं, आहे." तो गाठीकडेच बघत होता. "पुढे इथे नोकरी लागली. तरी दर शनिवारी जातो, चूल पेटवतो. कुणी पेटवली नाही तर पुढच्या वेळी रेघ येईल."

मी ज्याच्याशी महिनाभर मनातल्या मनात बोलत होते, तो रोज मला चहा आणून देत होता!

"करमतं का रे तुला तिथे?" 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंच नाही.

"नाही," तो म्हणाला. "अजिबात नाही. उद्या सकाळी आठची बस आहे. येशील?"

"येईन." मला रडू आणि हसू एकदमच आलं. "पुढच्या वेळी दोन लिहून घेतील."

"दोन झाले तरी ठिपकेच गं. आकडा छापायला तीन लागतात."

"मग तीन—" आणि मी जीभच चावली.

खिडकीशी सुया थांबल्या. "अगं, आधी दोन तरी व्हा!" पेनका-मावशी म्हणाल्या.

बाकीच्या सोळा गावांपुढचं 'निर्जन' मी केव्हाच खोडलं होतं; यादी देण्यापूर्वी गोर्ना लिपासमोरचंही खोडलं. तिथे पेनने, ठळक, दोन ठिपके काढले. अगदी शेजारी-शेजारी.