कोरडे मोजे

टेस होवानेक बसथांब्याच्या बाकावर मेलेली सापडली. बर्फ घोट्यापर्यंत साचलेलं. पायात बूट नव्हते, आणि मोजे कोरडे होते.

तपास अधिकारी नदीन शुलरची नजर त्या मोज्यांवरून हलेना. सहा वर्षांपूर्वी तिचा भाऊ असाच नशेत गेला. त्याच्यासाठी कुणी फोनच केला नव्हता.

इथे मात्र फोन झाला होता. दुपारी दोन वाजून सहा मिनिटांनी, टेसच्या बहिणीकडून, थांब्यावरून.

भाड्याच्या खोलीत ती बहीण, कोरीन, टेसच्या बाळाला छातीशी आवळून बसली होती.

"टेस थांब्यापर्यंत चालत गेली?"

"हो."

"बुटांशिवाय?"

कोरीनने बाळाला आणखी जवळ ओढलं. मग म्हणाली, "मीपण ड्रग घेतलं होतं, मॅडम. मला आत टाकाल. बाळाला नेतील."

दारातून घरमालक बर्डिक खेकसला, "या पोरींचं नेहमीचंच! यंदा दोनदा रुग्णवाहिका आली या पत्त्यावर. तिसऱ्यांदा आली की नगरपालिका घराला टाळं ठोकणार. मी तर दुपारभर झोपलो होतो, बुवा. मला काय ठाऊक?"

फ्रिजवर त्याच्या अक्षरातला कागद चिकटवलेला होता : 'काही झालं तर आधी मला फोन करायचा.' नदीनने तो ओढून काढला. खाली आरोग्य केंद्राचं कार्ड : 'श्वास मंदावला तर ताबडतोब मदत मागा. फोन करणाऱ्याला अटक होणार नाही.'

कोरीनने ते वाचलं. पुन्हा वाचलं.

"तुझा फोन दे."

एक अठ्ठेचाळीस. बर्डिकचा नंबर. चाळीस सेकंद बोलणं.

"झोपेत बोलता वाटतं?" नदीन त्याच्याकडे वळली. "मोजे कोरडे, म्हणजे टेसला उचलून नेलं. कोरीनच्या कडेवर बाळ, तिला ते जमणार नाही. तिने मदत मागितली, तुमच्याकडे. तुम्ही टेसला पत्त्याबाहेर नेऊन ठेवलंत, मग हिला फोन करू दिलात. अठरा मिनिटं! कोरीन, निघताना ती श्वास घेत होती?"

"घेत होती," कोरीन पुटपुटली. "थांबून थांबून."



बर्डिकने ओठांवरून जीभ फिरवली. "फोन केला की कायदा वाचवतो ना? मीच तर करायला लावला तिला."

"तिला वाचवतो. तिला अटक नाही, आणि बाळाबद्दल कोर्टात मी तिच्या बाजूने उभी राहीन." नदीनने बेड्या काढल्या. "तुम्ही फोन केला नाहीत, बर्डिक. तुम्ही उचललात."