वाचनालयातला जवळा

मंजुळा नाखवा वाचनालयाचा जिना चढून वर आली, तेव्हा तिच्याआधी तिच्या पिशवीनेच सगळ्यांना आपली ओळख करून दिली. पिशवीत टेंभी नाक्याच्या मावशीसाठी आईने बांधून दिलेला सुका जवळा होता. वर्तमानपत्रांमागून दोन-तीन नाकं वर झाली, एक उपरणं तोंडाशी गेलं. टेबलामागे बसलेल्या तरुणाने मात्र भाबडेपणाने विचारलं,

"हा वास कसला येतोय?"

"खाडीचा," मंजुळा म्हणाली.

तो हसला... आधी डोळ्यांनी, मग ओठांनी. सुधीर मायदेव त्याचं नाव. डोंबिवलीहून रोज ठाण्याला यायचा आणि ग्रंथपालांच्या हाताखाली पुस्तकं द्यायचं-घ्यायचं काम करायचा. मंजुळेने खाण्यापिण्यावरचं पुस्तक मागितलं, तसं त्याने मोठ्या उत्साहाने लाडू-करंज्यांचं एक पुस्तक पुढे ठेवलं. तिने ते उघडलंसुद्धा नाही.

"रांधायला येतं मला. भाकरीत काय असतं, भाजीत काय असतं, त्यातलं बाळाच्या अंगी काय लागतं, ते सांगणारं पुस्तक हवंय. आणि खरं सांगणारं."

"खरं सांगणारं..." त्याने कपाटांच्या रांगेकडे एकवार पाहिलं. "ते जरा शोधावं लागेल. बसा तुम्ही."

ती बसली. घाई तिला होतीच, पण ती रिकाम्या हाताने परत जाणाऱ्यांतली नव्हती.

मंजुळा कोपरीच्या बालकल्याण केंद्रात नर्स होती. घर तिथलंच, कोळ्याचं. स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती, रेशनचा तांदूळ अजून सुटला नव्हता, आणि कोपरीतली पोरं दूध सुटलं की पेज पिऊन नुसती पोटाने वाढत होती. केंद्राच्या डॉक्टरीणबाई दर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आयांसाठी एक पत्रक छापून वाटायच्या. बाळाला दूध द्या, अंडं द्या, मोसंबं द्या. कोपरीत दूध यायचं ते चहापुरतं, आणि मोसंबं घरात आलं की माणूस आजारी आहे असं शेजारी समजायचे. मंजुळा ते पत्रक दारोदार वाचून दाखवायची. बाया शांतपणे ऐकून घ्यायच्या, आणि तिलाच वाचताना लाज वाटायची.

यंदा तिने डॉक्टरीणबाईंना विनवलं होतं, घरात असतं तेच लिहू या. नाचणी, शेवग्याचा पाला, सुका जवळा. बाई वाईट नव्हत्या, पण कडक होत्या. जवळा कोपरीतल्या बाया बाळाला देत नाहीत, उष्ण पडतो म्हणतात, आणि आपण द्या म्हणून छापायचं तर प्रत्येक वाक्याखाली आधार पाहिजे, असं त्यांनी बजावलं होतं. कुठलं पुस्तक, कोणी तपासलं. संक्रांतीआधी हे जमलं तर नवं पत्रक, नाही तर जुनंच पुन्हा.

मग शनिवारची दुपार मंजुळेच्या आठवड्यात एखाद्या सणासारखी येऊ लागली. केंद्र लवकर सुटायचं, आणि ती खाडीच्या वाऱ्याने विस्कटलेले केस हातानेच सारखे करत वाचनालय गाठायची. सुधीरने पुस्तकं काढून ठेवलेली असायची. एक एका साधकाचं होतं, त्यात माणसाने आयुष्यभर नुसत्या दुधावर राहावं असं लिहिलं होतं. एक विलायती होतं, त्यातली धान्यं दोघांनीही कधी पाहिली नव्हती. तिसरं मात्र मंजुळेला फार आवडलं. गुळगुळीत कागद, पानापानावर गुबगुबीत बाळं. ती उतरून घ्यायला लागली, तसा सुधीरने तिच्यासमोरच ते पुस्तक उलटं केलं आणि शेवटचं पान उघडलं. तिथे एका पावडरीच्या डब्याचं रंगीत चित्र होतं.

"पुस्तक असं मागून वाचावं," तो म्हणाला. "छापायला पैसे कोणी दिले, ते बहुतेक मागेच सापडतं."

"आणि माणूस?"

"माणूस काय?"

"तो कुठून वाचायचा?"

सुधीरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने पुस्तक मिटून दुसरीकडे ठेवलं, मग उगाच पुन्हा उचलून तिसरीकडे ठेवलं. मंजुळेने मान खाली घातली, पण तिच्या पेन्सिलीला हसू आवरत नव्हतं... ती आपली हलतच होती.

हळूहळू तीसुद्धा तसंच पाहायला शिकली. लेखक कोण, वैद्य की डॉक्टर की दुकानदार. साल कुठलं. "असं म्हणतात" एवढ्यावर भागवलंय, की कुठे तपासलं, कसं तपासलं, तेही सांगितलंय. वाचनालयातली आहारावरची जेवढी पुस्तकं होती, ती बहुतेक सगळी या चाळणीतून खाली गळून गेली. वर उरलेल्या दोनांतही नाचणी सापडली, पाला सापडला, पण जवळ्याचं नाव कुठेच नव्हतं. बहुधा लिहिणाऱ्यांच्या घरात तो कधी शिजला नसावा.

तेव्हा सुधीरने एक काम अंगावर घेतलं. सरकारी प्रयोगशाळेत आपल्याकडचं एकेक अन्न तपासून केलेले तक्ते मुंबईच्या एका मोठ्या ग्रंथालयात आहेत, असं त्याला कळलं होतं. ते बाहेर नेऊ देत नाहीत. तो आपल्या सुट्टीच्या सोमवारी तिथे गेला, दिवसभर बसून लागतील तेवढे तक्ते इंग्रजीत उतरवून आणले आणि घरी बसून त्यांचं मराठी केलं. शनिवारी त्याने ते कागद तिच्यापुढे ठेवले. सुक्या मासळीच्या सदरात एका नावापुढे कॅल्शियमचा – म्हणजे हाडांना लागणाऱ्या चुन्याचा – आकडा एवढा मोठा होता की मंजुळेने त्यावर बोट ठेवलं ते काढलंच नाही. दुधाचा आकडा त्याच्यापुढे खालच्या पायरीवर बसल्यासारखा दिसत होता.

नाव होतं, सोडे.

सोडे म्हणजे मोठी कोळंबी सोलून वाळवलेली. मंजुळेच्या मनात क्षणभर काहीतरी अडलं, पण सरकारी तक्ता होता, आणि तो आणणारा माणूस समोर उभा होता, बोटांना शाई लागलेला. अडलेलं तिने गिळून टाकलं.

"तुमची सुट्टी गेली माझ्यापायी," ती म्हणाली.

"गेली कुठे... कामी आली."

त्या आठवड्यात पत्रक तयार झालं. 'बाळाला रोज सोड्यांची पूड द्यावी', आणि खाली आधार. डॉक्टरीणबाईंनी ते वाचून मान हलवली आणि येत्या सोमवारी छापखान्यात देऊ म्हणाल्या. मंजुळेने घरी येऊन आईला वाचून दाखवलं. आवडाबाई अंगणात मासळीवरचे कावळे हाकत बसली होती. ऐकता ऐकता ती इतकी हसली की कावळे आपोआप उडाले.

"सोडं इकाचं न् जवला खावाचा, इतकं ठाव नाय तुना? आपले घरान सोडं कवा शिजलं गो? कोन त्यो लिवणारा? मासली खातो का?"

मंजुळेचं तोंड उतरलं. आईचं खरंच होतं. सोडे बाजारात जायचे, चांगल्या भावाने, मोठ्या घरांत. कोपरीत खायचे ते जवळा, नखाएवढी कोळंबी, सालासकट, डोक्यासकट वाळवलेली. बाया पत्रक ऐकून हसल्या असत्या, आणि मंजुळेचं पुन्हा कोणी काही ऐकलं नसतं. आणि मनात अडलेलं तेही आता वर आलं. सोडे तर सोललेले. मग एवढा चुना त्यात राहील कुठे? चुना असायचा तो सालात.

तिने आईला विचारलं, मग जवळा बाळाला देऊ या ना? आवडाबाईचं हसू थांबलं. जवळा उष्ण, दात येऊन वर्ष झाल्याखेरीज द्यायचा नाही, हे तिने तितक्याच खात्रीने सांगितलं. मंजुळेला कळलं, नुसत्या आईच्या शब्दावरही भागणार नाही.

शनिवारी ती वाचनालयात आली ती दोन पुड्या घेऊन. वाचनाच्या मोठ्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि दोन्ही पुड्या त्यावर सोडल्या. एकीकडे गुलाबी, वाकलेले, जाड सोडे. दुसरीकडे मूठभर जवळा, कागदासारखा हलका, काळ्या टिंबांएवढे डोळे शाबूत. उपरण्याचे गृहस्थ मुकाट्याने खिडकीपाशी गेले.

"तक्त्यात सोडेच लिहिलंय? इंग्रजीत काय होतं नेमकं?"

सुधीरने खणातून मूळ इंग्रजी कागद काढले. वाचताना त्याचा आवाज लहान होत गेला. लिहिलं होतं, बारीक कोळंबी, सुकवलेली, अख्खी.

"मग सोडे कुठून आले?"

"मला मासळीतलं काही कळत नाही, म्हणून विचारलं मी... ह्यांना," त्याने खिडकीकडे नजर केली. "सुकी कोळंबी म्हणजे काय म्हणून. ते म्हणाले, सोडे."

"आमच्या घरात सुकी कोळंबी म्हणजे सोडेच," खिडकीतून उत्तर आलं. गृहस्थ दुखावले होते. "जवळा आम्ही आणत नाही."

मंजुळा सुधीरकडे पाहत राहिली. रागवायचं तिने येताना वाटेवर ठरवलं होतं. पण त्याचा चेहरा असा झाला होता, की राग शब्दांपर्यंत येईतो निम्मा विरघळला.

"पुस्तकं सगळी मागून-पुढून तपासलीत. गृहस्थांना नाही तपासलंत."

"नाही तपासलं," तो म्हणाला. त्याने सबब सांगितली नाही. आणि तिथेच तो मंजुळेला, याआधी आवडत होता त्याहून जास्त आवडला.

मग त्याने एक सोडा उचलला, एक जवळा उचलला, दोन्ही उजेडात धरले. इंग्रजी कागद पुन्हा वाचला. बारीक, अख्खी. जवळ्याचं साल नखाने सोलायला गेला, तर सगळा जवळाच चुरला. एवढ्याशा जिवाचं साल कोण सोलणार, आणि प्रयोगशाळेत तरी कशाला सोलतील... त्याने 'सोडे' खोडून वर 'जवळा, सालासकट' लिहिलं, आणि बोटाला लागलेला चुरा नकळत तोंडात घातला.

टेबलाभोवतीची वर्तमानपत्रं एकदम खाली आली. डोंबिवलीच्या मायदेवांच्या घरात आजवर अंडंसुद्धा आलं नव्हतं, हे त्यानेच तिला सांगितलं होतं.

"खारट आहे," सुधीर म्हणाला.

"कच्चा आहे तो. भाजून खातात." मंजुळेचा आवाज तिचाच तिला अनोळखी वाटला.

"मग... भाजलेला कुठे मिळेल?"

"कोपरीला."

डॉक्टरीणबाईंनी दुरुस्ती पाहिली, मूळ इंग्रजी वाचलं, दोन्ही पुड्या मागवून स्वतः पाहिल्या. उष्ण पडतो का, याचं उत्तर तक्त्यात नव्हतं. ते त्यांनी स्वतःच्या नावाने घातलं, आधी चिमूटभर द्या, सोसला तर वाढवा. सोमवारी पत्रक छापखान्यात गेलं. ज्या बायांना वाचता येत नव्हतं, त्यांच्यासाठी आवडाबाईने, हो-नाही करता करता, जात्यावर एक ओवी बांधून दिली –

निखाऱ्यावर भाजला जवला, पाट्यावर केली पूड,
मऊ भातान कालवून देते, बाला खा रं गोड.

पत्रकापेक्षा ती लवकर पोचली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाया तिळगूळ घेता घेता तीच गुणगुणत होत्या, आणि एकीने तर मंजुळेला विचारलंही, ही ओवी सरकारने काढली का म्हणून.

भाजलेला जवळा खायला सुधीर त्या दिवशीही आला नाही. नंतरच्या शनिवारी वाचनालयाच्या टेबलामागे दुसरेच कोणी होते. मंजुळा पुस्तक परत करून खाली उतरली. जिना तिला चढताना कधी एवढा लांब वाटला नव्हता.

रविवारी सकाळी ती अंगणात जवळा पसरत होती. आई आत पाट्यावर होती. वाटेवरून कोणीतरी विचारत विचारत येत होतं, आणि त्याला घर दाखवायला अर्धी आळी दाराशी आली होती. सुधीरच होता. धुतलेला सदरा, आणि खाडीच्या वाऱ्याने उभे राहिलेले केस.

तो अंगणाच्या कडेला थांबला. वाळत घातलेल्या जवळ्यावर पाय पडू नये म्हणून... की पुढे कसं यावं ते सुचेना म्हणून, कोण जाणे.

"काल आला नाहीत," मंजुळा म्हणाली. हात तिने थांबवले नाहीत.

"घरी सांगितलं." तो खाली पाहत म्हणाला. "वाचनालयात काय खाल्लं ते. आणि का खाल्लं, तेही. तुमच्याबद्दल. मला... दुसरं कोणी नको आहे, हेही सांगितलं. तुम्हाला न विचारताच. चुकलं असेल तर परत जातो, आणि घरी जाऊन दुरुस्त करतो."

मंजुळेच्या हातातला जवळा एकाच जागी पडत राहिला, ढीग झाला. तिने तो सारखा केला, मग पुन्हा केला.

"तुमच्या आई काय म्हणाल्या?"

"चार दिवस काहीच बोलली नाही. दोन दिवसांची रजा काढून काल तिच्यापाशी बसलो. मग आज निघताना एकच विचारलंन," त्याने आता वर पाहिलं, "त्यात काटे असतात का म्हणून."

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, मला ठाऊक नाही. विचारून येतो."

पाट्याचा आवाज थांबला होता. आत आवडाबाई कान देऊन बसली होती, हे मंजुळेला पाठीनेच कळलं.

"जवळ्याला काटे नसतात," मंजुळा म्हणाली.

"कोणाच्या आधाराने सांगू?"

मंजुळेने ओंजळभर जवळा उचलला, उजेडात धरला, हळूच पुन्हा पसरला. मग पदराला हात पुसले आणि त्याला आत यायला वाट करून दिली.

"माझं नाव सांगा," ती म्हणाली.