दस्तगीरचे हात

रविवार उजाडला की कऱ्हाडच्या त्या कॉलनीत घराघरांपुढे गाड्यांची बॉनेटं उघडलेली दिसत. ज्यांनी जन्मात कधी टायरमधली हवासुद्धा तपासली नव्हती, असे लोक कोपरापर्यंत करडे मोजे चढवून इंजिनात हात घालून उभे असत. बँकेतले दीक्षित ऑइल बदलत, समोरच्या डॉक्टरीणबाई बेल्ट ताणून बसवत. त्यांचं लक्ष मात्र भलतीकडेच असे. कुणी शेजाऱ्याशी गप्पा मारी, कुणी बातम्या ऐकत राही. काम हात करत होते, आणि हातांना काय करायचं ते मोज्यांना ठाऊक होतं.

या मोज्यांना ‘हस्तक’ म्हणत. एखाद्या निष्णात कारागिराच्या हातांवर बारीक संवेदक चिकटवायचे, त्याच्या बोटांची लहानातली लहान हालचाल टिपून घ्यायची आणि मोज्यात विणलेल्या कृत्रिम स्नायूंमार्फत तीच हालचाल दुसऱ्या कुणाच्याही हातांकडून करवून घ्यायची. या टिपण्याला कंपनीने ‘हस्तमुद्रण’ असं भारदस्त नाव दिलं होतं. मनगटावरचा चिमुकला डोळा समोरचं इंजिन पाही आणि अंतर जुळवून घेई. माणसाने हात सैल सोडून उभं राहायचं, एवढंच.

वर्षा कणसेने इतके दिवस त्यांच्या वाटेला जायचं टाळलं होतं. ढेबेवाडीच्या पलीकडे डोंगरात एक सरकारी दवाखाना होता, तिथे ती औषधं देण्याचं काम करी. रोजची वाट चढाची आणि तिची गाडी जुनी, पेट्रोलवरची. हल्ली चढ लागला की गाडी मिसिंग मारू लागली होती, मध्येच गचका देई. प्लग बदलायला झाले आहेत, हे तिला कळत होतं. एके काळी तिने गाडी सरळ दस्तगीर मुजावरच्या गॅरेजात नेऊन उभी केली असती. पण दस्तगीर राहिला गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. त्याच्याकडे जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडणार. हस्तक तर कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात भाड्याने मिळत होता. सगळे करतात, आपणही करून पाहू, असं म्हणून तिने तो आणला.

मोजे चढवल्यावर हातांना मुंग्या आल्यासारखं झालं, मग ते आपोआप उचलले गेले. तिच्या बोटांनी वायरचा खटका दाबून सोडवला, कॉइल वर ओढून काढली, भोकाभोवतीची धूळ फडक्याने टिपली. लांब पान्याने जुना प्लग सोडवला. तिला गंमत वाटली, थोडी भीतीही. नवा प्लग आत सोडल्यावर हातांनी तो लगेच आवळला नाही. आधी उलटा, हलकेच फिरवला. टक्‌ असा बारीकसा धक्का बोटांना जाणवला, आटे आट्यांत बसले, आणि मगच हात सुलटे फिरू लागले.

तिसऱ्या प्लगला तिचं लक्ष आपल्या उजव्या करंगळीकडे गेलं. बाकीची चार बोटं पान्याभोवती वळत होती, करंगळी मात्र ताठ, बाजूला उभी. तिने ती मुद्दाम वाकवून पाहिली. मोजा वाकू देईना.

ती करंगळी वर्षाच्या ओळखीची होती. दस्तगीरचं ते बोट चालू बेल्टमध्ये सापडलं होतं तेव्हा तिची नेमणूक कऱ्हाडातच होती, आणि त्याला मलमपट्टीचं सामान तिनेच दिलं होतं. हाड जुळलं, पण बोट पुन्हा वाकलं नाही. पुढे गाडी घेऊन गेली की ते ताठ बोट इंजिनावर हलताना ती कितीदा बघत उभी राहिली होती.

हातांनी चौथा प्लग बसवला, पाना पुसून ठेवला आणि ते सैल पडले. गाडी एका किल्लीत सुरू झाली. इंजिनाचा आवाज इतका एकसारखा येत होता की तिला बरं वाटायला हवं होतं. पण हात पुसतानाही तिला ते आपले वाटेनात.

संध्याकाळी चार वाजायच्या सुमाराला ती दस्तगीरच्या गॅरेजवर पोचली. शटर अर्धं खाली होतं, आणि ज्या अंगणात एके काळी गाड्या लावायला जागा नसे तिथे मिरच्या वाळत घातल्या होत्या. दस्तगीर मागच्या खोलीच्या पायरीवर बसला होता. तिला पाहून तो उठला, बसायला खुर्ची द्या म्हणून बायकोला हाक मारली आणि उजवा हात पटकन दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये दाबून पुन्हा खाली बसला. वर्षाने तो हात पाहिला होता. असे हात तिच्या खिडकीशी रोज येत. कागद पुढे करताना कागदच फडफडू लागतो, असे. आजाराचं नाव विचारायची तिला गरज नव्हती. तिने फक्त गोळ्या कोणत्या चालू आहेत ते विचारलं. गोळ्या बरोबर होत्या, पण त्यांचा गुण दिवसातून थोडाच वेळ टिकत होता.

हस्तकाचा विषय तिने चाचरतच काढला. दस्तगीरने काही लपवलं नाही. कंपनीची माणसं गाडी घेऊन आली होती, म्हणाला. जिल्ह्यात प्लगच्या कामाला तुमच्यासारखा हात नाही, असं त्यांनी दहा लोकांसमोर सांगितलं. त्याला पुण्याला नेलं, चांगल्या जागी उतरवलं, दंडापासून बोटांपर्यंत तारा चिकटवल्या आणि एकच काम पुन्हा पुन्हा करायला लावलं. त्याला अभिमान वाटला होता. आपला हात गावोगाव जाणार, याचा. गिऱ्हाईक तुटेल असं त्याच्या मनातही आलं नाही. प्लग लोक घरी बदलतील, मोठी कामं आपल्याकडेच येतील, असा त्याचा अंदाज होता. पण रोजची चूल पेटत होती ती याच बारीकसारीक कामांवर. ऑइलला कंपनीने सोलापूरच्या कुणाचा हात घेतला, बेल्टला नाशिकच्या कुणाचा. वर्षभरात अंगण रिकामं झालं, आणि मग हाताला कंप सुरू झाला.

“मॅडम, ते मोजे आहेत का तुमच्याकडे?” त्याने विचारलं.

“गाडीत आहेत,” ती म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिला कसंसंच झालं.

त्याने ते मागितले. प्रशिक्षित मिस्त्रींनी हस्तक वापरू नये, अशी सूचना मोज्याच्या पिशवीवर छापलेली होती. कारण दिलेलं नव्हतं. वर्षाला वाटलं, मिस्त्रींनी त्यावर धंदा करू नये म्हणून असेल. नाही म्हणणं तिच्याच्याने झालं नाही.

मोजे चढवायला बायकोने, शहनाजने मदत केली. कंप पावणारी बोटं एकेक करून आत घालावी लागली. मग कोपराशी हिरवा दिवा लागला आणि दस्तगीरचे दोन्ही हात थांबले. शहनाज दाराची चौकट धरून उभी राहिली. त्याने हात डोळ्यांसमोर धरले, पालथे केले, पुन्हा उताणे केले.

“यांना इंजिन दाखवल्याशिवाय हलायचे नाहीत,” तो म्हणाला. “तुमची गाडी उघडू का? नुसतं खोलून परत बसवतो.”

प्लग सकाळीच बदललेले होते, उघडायचं काही कारण नव्हतं. तरी वर्षाने बॉनेट वर केलं.

पहिले दोन प्लग त्याने काढून परत बसवले ते पाहत राहावं असं होतं. वर्षाच्या हातांनी तेच काम सकाळी केलं होतं, पण तेव्हा ते उसनं दिसलं असणार. इथे खांदा, मान, पाठ सगळं त्या हातांबरोबर हलत होतं. दस्तगीर मध्येच तिला काहीतरी समजावून सांगू लागला. आवाजही बदलला होता, पूर्वीसारखा थोडा फुशारकीचा झाला होता.

तिसरा प्लग आत सोडताना तो बोलता बोलता गप्प झाला.

“थांब,” तो म्हणाला. तिला वाटलं आपल्याला म्हणतोय.

“कचरा आहे आत. वाळूचा कण पडलाय, आटा तिरका धरलाय. थांब.”

तो हातांना सांगत होता. हात फिरत राहिले. ज्या दिवशी ती हालचाल टिपली त्या दिवशी इंजिन लख्ख धुतलेलं होतं, आणि त्या हालचालीला वाळूचा कण माहीतच नव्हता. मनगटावरच्या डोळ्याला प्लग अजून वर उचललेला दिसत होता. तो पुरता खाली बसला नाही म्हणून हस्तकाने पान्यावर जोर वाढवला.

दस्तगीरने पाय रोवून हात मागे खेचले. मानेच्या शिरा फुगल्या. खांद्यापर्यंत माणूस धडपडत होता आणि कोपरापासून पुढे सगळं शांत, सराईत चाललं होतं. वर्षाने त्याचं मनगट पकडलं, दुसऱ्या हाताने कोपराजवळचं बटण चाचपून दाबलं. चालू टप्पा पूर्ण झाल्यावर हस्तक बंद होईल, असं मोज्यातून एका बाईचा गोड आवाज सांगू लागला. तेवढ्यात आतून करकर ऐकू आली. मग प्लगची पांढरी चिनीमाती तडकली.

हात तरीही थांबले नाहीत. त्यांनी पाना पुसला, नीट बाजूला ठेवला आणि ते सैल झाले. काम पूर्ण झाल्याचं त्या आवाजाने जाहीर केलं.

अॅल्युमिनियमच्या हेडमधले, प्लग बसायचे आटे पार सोलून निघाले होते. मोजे उतरवल्यावर दस्तगीरचा कंप पूर्वीपेक्षा वाढला होता, गालसुद्धा थरथरत होता. शहनाजने त्याला धरून पायरीवर बसवलं. तीस-पस्तीस वर्षांत आपल्या हातून एक आटा गेला नव्हता, असं तो दोनदा म्हणाला. वर्षाने त्याला सांगितलं की हे तुमच्या हातून झालेलं नाही. त्यावर त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

गाडी ओढून न्यावी लागली. डोंगरातल्या दवाखान्यात वर्षा चार दिवस दुधाच्या टेम्पोतून गेली. त्याच दरम्यान तिने कंपनीकडे तक्रार केली. पडद्यावर आलेला तरुण अभियंता सभ्य होता, त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि हस्तकात साठलेल्या हालचाली तपासल्या. मग समजावून सांगितलं. नवखा माणूस काम करताना घाबरतो, हात मागे घेतो, आणि तिथेच काम बिघडतं. म्हणून हातांचा लहानसहान विरोध हस्तकाने मोजायचाच नाही, अशी त्याची रचना होती. धडधाकट माणसाने नेटाने हात ओढला तर तो थांबला असता. मिस्त्रींना मनाई होती तीही एवढ्याचसाठी. त्यांचा हात मध्येच स्वतःचं काही करू पाहतो, आणि त्या ओढाताणीत काम नासतं.

“पण तो ओढत होता,” वर्षा म्हणाली. “जीव खाऊन ओढत होता.”

“यात तसं दिसत नाही, मॅडम. विरोध कुठेही नाही. फक्त कंप आहे.”

तिने पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा तेच सांगितलं. आजाराने दुबळ्या झालेल्या हातांचा नकार इतका अशक्त होता की यंत्राने तो थरथर समजून पुसून टाकला होता. यंत्राच्या ज्या गुणामुळे दस्तगीरचे हात स्थिर झाले, त्याच गुणामुळे त्याचं म्हणणं कुणापर्यंत पोचलं नव्हतं.

अभियंता मात्र निराळ्याच कारणाने सावरून बसला होता. इतका कंप हस्तक दाबू शकतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्याने वरिष्ठांशी बोलून चार दिवसांत तिला परत गाठलं. अशा रुग्णांसाठी कंपनी नवे मोजे तयार करणार होती. घास घेणं, शर्टाची बटणं लावणं, दाढी करणं, अशी रोजची कामं निरोगी माणसांकडून टिपून घ्यायची. पहिला संच दस्तगीरला द्यायची त्यांची इच्छा होती, विनामूल्य. त्याला विचारून सांगाल का, अशी त्याने तिलाच गळ घातली.

वर्षा गेली तेव्हा दुपारची जेवणं चालू होती. दस्तगीर भिंतीला टेकून बसला होता आणि शहनाज त्याला भरवत होती. अनोळखी कुणी असतं तर तिने ताट झाकलं असतं. वर्षाला पाहून ती सरकली, जागा केली आणि पुढचा घास कालवू लागली. वर्षाने कंपनीचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. सांगताना शहनाजच्या चेहऱ्यावर काय उमटतंय हे तिला दिसत होतं. त्या बाईचे खांदे दुखत होते, रात्रीची झोप होत नव्हती, आणि नवऱ्याने पुन्हा आपल्या हाताने जेवावं असं तिला फार वाटत होतं. ती म्हणाली, घ्या, बघू तरी कसं ते.

शहनाजने घास दस्तगीरच्या ओठांजवळ नेला, तेव्हा त्याने हनुवटी जराशी वळवली, अगदी लक्षात येईल न येईल इतकी. तिचा हात हवेतच थांबला. तिने घास ताटात ठेवला आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

पाणी पिऊन झाल्यावर त्याने वर्षाकडे पाहिलं.

“मॅडम, माझं पोट भरलं, आता बस, असं मी म्हटलं,” तो म्हणाला, “तर त्या मोज्यांना ते कंपापेक्षा वेगळं कळेल का?”