शुक्रवारची भूल

"आईंना यातलं काही म्हणजे काही कळता कामा नये हं, ताई… आणि शुक्रवारी भूल द्यायची म्हणजे द्यायचीच! आता मधेच थांबवून नाही चालणार!"

मागच्या पडवीत वाळलेला जवळा सुपात भरता भरता धोंडुबाईचे हात जागच्या जागी थिजले. कुडापलीकडे सून फोनवर बोलत होती, अगदी दबक्या आवाजात. पण संशयाला कान चार असतात! सूप हातातून निसटलं, जवळा पायांवर सांडला, आणि तरी ती माउली तिथंच उभी राहिली… भूल! कुणाला भूल? घरात माणसं तीन. ती स्वतः, ही अनिता, आणि तिसरा तिचा धनेश… तिच्या विझत्या आयुष्याची एकुलती एक वात!

माणसाला कापायचं असलं की डॉक्टर भूल देतात, एवढं धोंडुबाईला ठाऊक होतं. पण धनेशला कुठं कापायचं होतं? वडखळच्या नाक्यावर खडीवरून मोटारसायकल घसरली, पाऊल चेचलं, ते हाड तर केव्हाच सांधलं होतं. सांधली नव्हती ती कळ! वरून बघावं तर पाऊल धडधाकट, आणि आत जणू निखाऱ्यांची परडी ओतलेली. पांघरुणाचं टोक लागलं तरी हा कर्ता पुरुष लहान लेकरासारखा किंचाळायचा. पंख्याचा वारासुद्धा त्याला सोसवेना. कंपनीतली शिफ्ट सुटली, मित्र सुटले, हसणं सुटलं. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या त्या देहात तिचा धनेश उरलाय की नाही, असंच तिला वाटायचं.

मग कापायचं नाही, टाके घालायचे नाहीत, तर भूल कशाला?

म्हणजे ही भूल दुसरीच! बायका पुरुषाला घालतात ती!

विचार करावा तसे एकेक धागे जुळत गेले. गेले काही शुक्रवार अनिता त्याला मिनीडोर रिक्षामध्ये घालून घेऊन जात होती. "नागोठण्याच्या वैद्याकडे लेपाला" असं सांगे. पण लेपाचा वास कधी धोंडुबाईच्या नाकाला आला नव्हता. परत यायचा तेव्हा धनेश झोकांड्या खात यायचा, डोळे कुठल्या कुठे लागलेले, ओठांवर उगाच हसू. दुसऱ्या दिवशी मात्र भूक लागली म्हणायचा, सुक्या बोंबलाचं कालवण मागायचा, आणि हाक मारायचा ती एकाच नावानं… "अनिता! अगो अनिता!" पोराला भूक लागली म्हणून आईला आनंद व्हायला हवा, पण धोंडुबाईचं अंतःकरण त्या आनंदालाही हात लावायला भीत होतं. ही भूक तरी त्याची स्वतःची होती का?

आणि अनितावर तिनं विश्वास ठेवावा तरी कसा! ती संध्याकाळ ती कशी विसरेल? गळ्यापर्यंत खाडीच्या चिखलानं माखलेला धनेश उंबऱ्यात उभा होता, त्याच्या मागं तशीच माखलेली अनिता, आणि सगळी आळी गोळा झालेली. "काय झाला गो?" म्हणून धोंडुबाईनं टाहो फोडला, तेव्हा ही पोर सगळ्यांदेखत, नजर जमिनीत रुतवून म्हणाली होती, "माझ्याशी भांडून रागानं निघून गेले होते, खाडीच्या बांधावरून घसरले. मीच बोलले यांना… लंगड्याची सेवा करायला माझ्या बापानं मला दिली नाही, म्हणाले मी."

लंगडा! लग्नाच्या नवऱ्याला!

त्या दिवसापासून धोंडुबाईनं सुनेच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. एका घरात दोन चुली धुमसत होत्या. आणि चुलींपेक्षा जास्त धुमसत होतं ते तिचं काळीज.

फोनवरचं बोलणं ऐकलं त्याच दुपारी गुरांच्या दवाखान्यातला मोरू दारावरून चालला होता. धोंडुबाईनं त्याला हाक मारून ओटीवर बसवलं. धनेशच्या शर्टाच्या खिशात सापडलेला औषधाच्या खोक्याचा एक तुकडा तिनं पदरात बांधून ठेवला होता, तो पुढं केला.

"वाच रं जरा. काय लिवलंय?"

मोरूनं तो तुकडा डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि फिस्सकन हसला. "केटामीन! काकू, कुत्रं-मांजर कापायचा झाला की आमचे डॉक्टर हेच टोचतात की. तुमच्याकडं कंचा जनावर आजारी हाय?"

"आन् माणसाला टोचला तर?"

"माणसाला?" मोरूनं आवाज खाली आणला. "मुंबईकडं पोरं नशेला घेतात म्हनं. पोलीस धरतात ना पार्टीत, त्यातलाच हा माल. हवेत तरंगतात म्हनं. का वो काकू?"

"काय नाय. जा तू."

तो गेला आणि धोंडुबाईच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. जनावराचं औषध! नशा! तिच्या रक्तामांसाच्या गोळ्याला, ज्याला तिनं मिठागराच्या उन्हात पाठीशी बांधून वाढवलं, त्याला ही परकी पोर गुरासारखं गुंगवत होती! कशासाठी? गुंगलेला नवरा भांडत नाही, कण्हत नाही, मागत नाही, म्हणून? देवा रे! त्यापेक्षा ती कळ परवडली… ती निदान त्याची तरी होती!

संध्याकाळी अनिता तांदूळ निवडायला बसली, तशी धोंडुबाई ओटीवरून, जशी काही वाऱ्यालाच ऐकवतेय अशी गुणगुणू लागली.

खाडीच्या पान्याला गो, भरतीची भूल पडं,
परक्याची लेक आली, माज्या बाळाचं भान उडं…

अनिताचा हात ताटातच थांबला. क्षणभर तिनं मान वर केली. त्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं! पण तिथं होता तो नुसता थकवा, अथांग, ओहोटीच्या खाडीसारखा उघडा पडलेला.

"आई, बोलायचं असलं तर सरळ बोला ना."

"सरळ बोलनाऱ्यांशी सरळ बोलतात गो. शुक्रवारी कुटं चाललीस?"

"लेपाला."

"लेपाला!" धोंडुबाई हसली, आणि ते हसू तिचं तिलाच कडू लागलं. "जा हो, जा. लाव लेप."

शुक्रवारी दोघं निघाली, आणि पाठोपाठच्या मिनीडोरमध्ये पदर तोंडावर ओढून धोंडुबाई बसली. गडब गाव मागं पडलं. नागोठणं आलं; ती दोघं उतरली ती वैद्याकडे गेलीच नाहीत, तर रोह्याच्या एसटीत चढली! धोंडुबाईचा संशय आता संशय उरला नाही, त्याचा दगड झाला. तीही मागच्या दारानं चढली, कोपऱ्यात अंग चोरून बसली. काय वाटेल ते होवो, आज ती आपल्या लेकराला हिच्या हातून सोडवूनच आणणार होती. खोकला आला तो तिनं पदरात दाबला.

रोह्याच्या एका गल्लीत, खाली मेडिकल आणि वर लहानसं इस्पितळ. तिथला जिना ती दोघं चढून गेली. धोंडुबाई खाली घुटमळली… धीर गोळा करायला तिला वेळच लागला. वर गेली तेव्हा दार लोटलेलं होतं. तिनं ते ढकललं.

आणि तिनं पाहिलं!

पडदे ओढलेली खोली. पलंगावर धनेश, दंडाला पट्टा, बोटाला चिमटा, हातात सुई, वरून थेंब थेंब उतरणारं पाणी. डोळे अर्धे उघडे, पण त्या डोळ्यांत आईची ओळख नव्हती! उशाशी अनिता, त्याचा मोकळा हात दोन्ही हातांत धरून बसलेली.

"चांडाळणी! माज्या पोराला मारतंस काय गो!"

यंत्र टिकटिकू लागलं, सिस्टर धावली, आणि पाठोपाठ पांढऱ्या कोटातल्या डॉक्टरीणबाई. "मावशी, हळू! अगदी हळू! आत्ता यांच्या कानावर जे पडेल त्याचंच त्यांना स्वप्न होतं."

"काढा ती सुई! जनावराचा औषध हाय तो! मला सगला कळलाय!"

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी तिला दारापाशी नेलं. "संशय घेतलात ते चुकलं नाही, मावशी. चुकीच्या हातात हे औषध वाईटच. पण मुळात ते माणसांच्याच भुलीचं आहे. गुरांना देतात, तसं ऑपरेशनच्या वेळी माणसांनाही देतात. यांच्या पायातली जखम बरी झाली, पण नसा ओरडायच्या थांबल्या नाहीत. बाकीच्या गोळ्या हरल्या, तेव्हा हे थोडं थोडं, यंत्रावर नजर ठेवून देतोय. सगळ्यांना लागू पडतं असं नाही, आणि कायमचं बरं होईल असंही मी म्हणत नाही. यांना मात्र उतार पडतोय. मनालासुद्धा. मधेच तोडलं तर…" त्या बोलता बोलता थांबल्या. "ते तुम्ही घरात बोला."

"मनाला काय झालाय त्याच्या?"

डॉक्टरीणबाईंनी अनिताकडे पाहिलं. अनिता स्टुलावरून उठली.

"ताई, आईंना बसू द्या इथं. बसा, आई. हात धरा त्यांचा. हात सुटला की घाबरतात… तेवढं बघा." आणि ती, जिच्यावर एवढा विखार ओतला गेला होता ती पोर, आपली जागा सासूला देऊन बाहेर निघून गेली.

धोंडुबाई बसली. किती काळानं तिनं लेकाचा हात हातात घेतला होता! तो ऊनऊन हात तिच्या खरबरीत तळव्यात विसावला, आणि धनेशचे ओठ हलले. शब्द जड, लांबलेले, जणू पाण्याखालून येणारे…

"अनिता…"

इथंही तीच!

"अनिता, पानी थंड होता गो… तू कशाला शिरलीस मागं? तुला पवता पन येत नाय… मी जात होतो तर जाऊ द्यायचा होतास…"

धोंडुबाई पुढं वाकली. कसलं पाणी? कुठं जात होता?

"मी मरायला गेलो, आन् शिव्या तू खातंस… तू कदी बोलली नव्हतीस गो मला लंगडा… कदीच नाय… आयेला नको सांगू हां. तिचा काळीज फुटंल. तुला वाईट म्हनंल ती… म्हनू दे. म्हनू दे ना गो…"

हात सुटला की घाबरतात! धोंडुबाईनं तो हात सोडला नाही. पण तिच्या आतलं सगळं, सगळं सुटलं! तो चिखल… ती संध्याकाळ… आळीदेखत खाली घातलेली ती मान! उधाणाच्या पाण्यातून तिचं लेकरू ओढून आणणाऱ्या हातांचं पाणी तिनं विटाळासारखं टाळलं होतं! कुणाच्या पोटची ही पोर, आणि कुणासाठी हिनं स्वतःच्या तोंडाला हे काळं फासून घेतलं? एका म्हातारीचं काळीज फुटू नये म्हणून! तीच म्हातारी, जी रोज तिचं काळीज फोडत होती!

सिस्टर येऊन बसल्यावर ती बाहेर आली. बाकावर अनिता भिंतीला डोकं टेकून बसली होती. धोंडुबाई तिच्याशेजारी बसली.

"त्या दिवशी," धोंडुबाईचा आवाज तिचा तिलाच ओळखू येईना, "तू खरंच बोललीस काय गो त्याला? लंगडा म्हनून?"

अनिता दचकली. तिनं सासूच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तिथं काय आहे ते चाचपलं, आणि नजर खाली घालून म्हणाली, "बोलले होते, आई. रागात निघून गेलं तोंडातून."

अजूनही! अजूनही ही पोर ते ओझं खाली ठेवायला तयार नव्हती! धोंडुबाईनं तोंडात पदर कोंबला, पण हुंदका पदराला जुमानेना. तिनं अनिताचं डोकं ओढून आपल्या खांद्यावर घेतलं.

"खोटारडी! सात जन्माची खोटारडी हायस तू! पवता येत नाय तर शिरलीस कशाला पान्यात? दोगं गेले असते तर मी कुनाशी भांडले असते गो?"

अनितानं झटकन डोकं वर केलं. "तुम्हाला… कुणी सांगितलं?"

"त्यानंच. त्याला म्हाईत नाय, सांगितला ते."

"आई…" अनितानं तिचे दोन्ही हात घट्ट धरले. रडता रडता ती भीतीनं पांढरी पडली होती. "त्यांना कळू देऊ नका हो! तुम्हाला कळलंय असं त्यांना कळलं ना, तर ते पुन्हा… आत्ता कुठे परत यायला लागलेत. तुम्ही मला पहिल्यासारखंच बोला घरात. मला चालेल. खरंच चालेल!"

"तुला चालंल," धोंडुबाई डोळे पुसत म्हणाली, "मला नाय चालायचा." पण सून काय मागत होती ते तिला पुरतं कळलं होतं. ज्या गुपितानं तिला इतके दिवस घराबाहेर उभं केलं होतं, त्याच गुपिताच्या आत आता तिला जागा मिळाली होती. आणि ती जागा मुक्यानंच राखायची होती.

दार उघडलं. सिस्टरच्या खांद्याचा आधार घेत धनेश बाहेर आला, पावलं अजून डगमगती, डोळ्यांत मात्र ओळख परतलेली. बाकावर आई दिसली तशी त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यानं अनिताकडे पाहिलं, मग आईकडे.

"आये? तू… तू कशी इथं?"

धोंडुबाईच्या ओठांवर शंभर शब्द आले. माज्या सोन्या… का गेला होतास रं… आईला का नाय सांगितलास… सगळे तिनं गिळले. पदर कमरेला खोचून ती उठली, आणि अगदी रोजच्या त्रासिक आवाजात म्हणाली,

"वाल घ्यायला आलेले. कडवे वाल. रोह्यासारखे आपल्याकडं मिलतात काय? खाली बाजारात ही भेटली, म्हनाली दवाखान्यात हायस तू. लेप म्हनं! आईला खोटा सांगायला लाज नाय वाटली?"

धनेशनं सुटकेचा श्वास टाकला, आणि ओशाळं हसला.

अनिता सासूच्या रिकाम्या हातांकडे बघत होती. तरी तिनं विचारलं,

"मग मिळाले का वाल, आई?"

"नाय गो," धोंडुबाईनं लेकाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन त्याचा दंड धरला. "पुढच्या शुक्रवारी परत यावा लागंल. तिघंच येऊ."